माझ्या समक्ष

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून मी साधी दाढदुखीही लपवू शकत नाही.

निवृत्तीपूर्वी मी पनवेलमध्ये राजपत्रित अधिकारी होतो. त्या शब्दाचा मला भारी तोरा. माझा शिक्का उठला की दाखला खरा, नाहीतर नुसता कागद. पण कायद्याने या शब्दावर केवढा भार टाकलाय, हे मला कधी जाणवलं होतं का?

अंमली पदार्थाच्या संशयावरून कुणाला धरलं, तर अंगझडतीआधी पोलिसांना त्याला सांगावं लागतं — राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेट यांच्यासमोर झडती घ्या, असं म्हणायचा तुला हक्क आहे. कशासाठी? नसलेलं काही अंगावर सापडू नये म्हणून. एका मजुरासाठी कायदा एका साहेबाला खुर्चीतून उठवतो. आजही आठवलं की मी थक्क होतो.

त्या दुपारी उठवलेला साहेब मी होतो. जागा तळोज्याची, आणि पकडलेला काळू — वीटभट्टीवरचा एक कातकरी मजूर. फौजदारांनी त्याला त्याचा हक्क वाचून दाखवला. तो माझ्या गाडीकडे बघून म्हणाला, "सायबासमोरच घ्या."

हे मी ऐकलं. आणि — कसं सांगू — काच वर केली. बाहेर ऊन होतं, कारखान्यांचा वास होता. करंजाड्याच्या नव्या फ्लॅटसाठी बायकोने टाइल्सचे फोटो पाठवले होते, ते बघत बसलो. काळूला टेम्पोमागे नेलं. अर्ध्या तासाने कागद आला : माझ्या समक्ष झडती घेतली असता कमरेला पांढऱ्या पावडरची पुडी मिळून आली. समक्ष म्हणजे डोळ्यांसमोर, एवढं मराठी मला येतं. तरी सही केली.

कोर्टात वकिलांनी विचारलं, तेव्हाही म्हणालो, "हो, माझ्या समक्ष." साक्ष संपल्यावर मागच्या बाकावर बसलो. मग पंच आली — करंजा बंदरावरची सुकी मासळी विकणारी बाई. त्या दिवशी नाक्यावरून पोलिसांनी तिला उठवून आणलं होतं. तिलाही सगळं पढवलेलं असणार. शपथ घेतली आणि म्हणाली, "सायेब काच लावून गाडीनच बसलेले. आमाला पन टेम्पोमागं जाव नाय दिला. तो मानूस सारका सायबाकरं बगत व्हता."

सरकारी वकिलांनी तिला फितूर ठरवलं, दटावलं. ती हलली नाही. रोज त्याच नाक्यावर, त्याच पोलिसांसमोर तिला टोपली मांडायची होती. एवढं बळ कुठून आणलं तिने? मनातल्या मनात मी तिला हात जोडले. उठून "बाई खरं बोलते" म्हणायला कितीसा वेळ लागला असता? मी बाकावर बसूनच राहिलो.

निकालात माझ्याबद्दल लिहिलंय, की या जबाबदार अधिकाऱ्यावर अविश्वास दाखवण्याचं कारण नाही. काळूला दहा वर्षांची शिक्षा झाली. तो अजून आत आहे.

ती पुडी त्याच्या कमरेला खरोखर होती का? मला माहीत नाही. ते मला माहीत असावं, एवढ्यासाठीच तर मला तिथे नेलं होतं.