पिल्लांशी बोलायचं नाही

त्या सकाळी धुकं एवढं दाट होतं, की मासे कापायच्या शेडमधून समोरचे पिंजरेसुद्धा दिसत नव्हते. टकळी बाकड्याशी उभी राहून कात्रीनं माशांचे तुकडे करत होती. बोटं गारठून लाकडं झाली होती. रोज ती तुकडे मोजत, पुटपुटत काम करायची. आज तोंडातून ब्र निघत नव्हता. आज तिनं सांभाळलेल्या पाणमांजराच्या पिल्लाला नदीत सोडणार होते.

टकळी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पोरगी जन्मली तीच बोलत, असं तिचे बाबा सांगायचे. शाळेत बाईंनी तिला शिक्षा म्हणून भिंतीकडे तोंड करून बसवलं, तर ती भिंतीशी गप्पा मारायला लागली. सुट्टीत सगळं घर महिनाभरासाठी परदेशी, आत्याकडे निघालं, तेव्हा विमानात शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला उतरेपर्यंत टकळीच्या सगळ्या मैत्रिणींची भांडणं तोंडपाठ झाली होती.

आत्या जनावरांची डॉक्टर. नदीकाठच्या केंद्रात आईवेगळी पाणमांजरं वाढवायची आणि मोठी झाली की पाण्यात सोडायची, हे तिचं काम. पाहुणे म्हणून कुणी बसून खायचं नाही, असं तिनं पहिल्याच दिवशी बजावलं. बाबांना फाटक्या जाळ्या शिवायला बसवलं, आईच्या हाती धुणं दिलं आणि टकळीला महिनाअखेरीस नदीत सोडायच्या एका पिल्लाचं खाणंपिणं.

"हा करडा झगा घालायचा, टोपडं नाकापर्यंत ओढायचं आणि पिंजऱ्यापाशी चकार शब्द काढायचा नाही," आत्या म्हणाली. "माणसाच्या आवाजाला सोकावलेलं पिल्लू नदीत गेलं तरी माणसाकडेच धावतं. खाली मासेमारांची वस्ती आहे. पाणमांजरं जाळी फाडतात म्हणून ते काठ्या घेऊनच बसलेले असतात."

"हिला गप्प बसायला सांगतेस?" बाबा हसले. "त्यापेक्षा नदीला सांग, वाहू नकोस म्हणून."

"दादा, थट्टा नाहीये ही."

दोन दिवस टकळीनं खरोखर तोंड शिवलं. पण पिल्लू काही खाईना. कोपऱ्यात अंगाचं मुटकुळं करून पडायचं, तुकडे तसेच सुकायचे. तिसऱ्या दिवशी तिला राहवलं नाही. "खा की रे गबाळ्या," ती कुजबुजली. "नाही खाल्लंस तर मरशील ना."

पिल्लानं मान वर केली. सरपटत आलं. तुकडा उचलला.

मग कसलं गप्प आणि कसलं काय! दिवसातून तीनदा टकळी त्याला सगळं सांगायची. इथल्या पोरांची भाषा कळत नाही, आईला वेळ नाही, बाबा नुसते हसतात. ही चूक आहे हे तिला ठाऊक होतं, पण तिनं मनाशी एक हिशेब जुळवला होता. या नदीवर आपली भाषा बोलतंय कोण? मासेमार बोलतील ते वेगळंच. मग गबाळ्या त्यांच्याकडे जाईल कशाला?

आणि हिशेब बरोबरही निघाला. सोडायच्या आदल्या दिवशी आत्यानं पिल्लाची परीक्षा घेतली. दोन गडी पिंजऱ्याजवळ उभे राहून मोठमोठ्यानं बोलले, हाका मारल्या. गबाळ्या पिंजऱ्यातल्या टाकीत बुडी मारून बसला तो वर येईना. "शाब्बास!" आत्या म्हणाली, आणि टकळीला वाटलं, सुटले बाबा.

धुकं विरलं. गबाळ्याची पेटी फाटकापाशी आणून ठेवली, ती चढवायला गाडी मागे येत होती. तेवढ्यात पहारेकऱ्याची धाकटी मुलगी फाटकातून आत शिरली आणि बापाला काहीतरी ओरडून विचारू लागली. तिची भाषा वेगळी, पण आवाज टकळीसारखाच, बारीक. पेटीत गबाळ्या उभा राहिला. जाळीला पंजे लावून चिवचिवायला लागला.

टकळीनं त्या मुलीकडे बघितलं, मग पेटीकडे. वस्तीत पोरं असणारच. ती पाण्यावर येणार, ओरडणार. आणि त्यांच्या मागे काठ्या घेतलेले बाप. बाकी कुणाचं लक्ष नव्हतं. गप्प बसलं तर तासाभरात गबाळ्या नदीत. बोललं तर...

तिनं आत्याचा झगा ओढला. "त्याला नको सोडूस."

"का गं? लळा लागला?"

"त्याला लागलाय. मी बोललेय त्याच्याशी. रोज."

"काहीतरीच. काल एवढे ओरडले, तेव्हा..."

"ते मोठ्यांचे आवाज होते."

आत्यानं पेटीकडे बोट केलं. "बोल बघू."

टकळी पेटीपाशी उकिडवी बसली. हळूच म्हणाली, "गबाळ्या..."

पिल्लानं जाळीवर अंग झोकून दिलं. पुन्हा दिलं. नाक फुटून रक्त आलं तरी थांबेना.

आत्यानं हात वर करून गाडी थांबवली. पेटी उचलून ती मागच्या सिमेंटच्या हौदांकडे निघाली. मागोमाग सगळे.

"किती दिवस ठेवायचं इथं?" बाबांनी विचारलं.

"दिवस कसले? अशी तीन आहेत शेजारच्या हौदांत. थोरलं बारा वर्षांचं झालंय. एकही परत सोडता आलेलं नाही."

"कार्टे, तुला किती वेळा..."

"तिला नको ओरडूस, दादा. दहा वर्षांच्या पोरीला एकटीला पाठवलं मी. मला ओरड."

"आणि हिनं सांगितलं नसतं तर, वन्सं?" आईनं हळूच विचारलं.

"तर आठवडाभरात हे मेलेलं कुणीतरी आणून टाकलं असतं दारात."

आईनं टकळीच्या डोक्यावर हात ठेवला. टकळीनं तो झटकून टाकला.

पेटी उघडली. गबाळ्या रिकाम्या हौदाच्या कडेकडेनं एक फेरी मारून, भिंत हुंगून आला आणि वर, टकळीकडे बघत बसला.

"आता खुशाल बोल त्याच्याशी," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "आता काही बिघडत नाही."

टकळीनं तोंड उघडलं. परवा आपलं विमान आहे, हे त्याला सांगायचं होतं. शब्द आले नाहीत. पिल्लू वाट बघत राहिलं.

"चल," आत्या म्हणाली. "दुपारी दुसरं एक येतंय. रिकामा पिंजरा धुवून ठेवायचाय."

टकळीनं बाहीनं नाक पुसलं. पिंजऱ्यात जाऊन नळ सोडला, ब्रश घेतला आणि कोपऱ्यापासून फरशी घासायला सुरुवात केली.