डबा मिसळल्यावर

बादली कितीही धुवा, तळाला थर राहतोच. मी, नवरा आणि आमचा कामगार मंजा, तिघांनी वीस वर्षं बेंगळुरात गच्च्या आणि टाक्या वॉटरप्रूफ केल्या. किस्से तसेच तळाला साठलेत. थोडे खरवडते.

गच्चीला लावायच्या एपॉक्सी लेपाचे डबे दोन. वेगळे असेपर्यंत पडू देत. मिसळले की अर्ध्या तासात दगड! इंदिरानगरात मंजानं मिसळलं आणि त्याच्या मेव्हण्याचा फोन आला. बोलणं संपेस्तोवर बादलीतून धूर, काठी आत उभीच्या उभी! आमच्या ह्यांनी ती बादली घरी दाराशी ठेवली. मंजा आला की म्हणायचे, “ये, मेव्हणा वाट बघतोय!”

तेव्हापासून नियम झाला. मिसळणाऱ्यानं “मिसळलं!” म्हणून ओरडायचं. मग चहा नाही, फोन नाही. देव आला तरी थांबेल.

एचएसआर लेआउटातल्या साहेबांनी मला विचारलं, “मिस्त्री कुठेत?”

“मीच.”

“शिकलात किती?”

“चौथी. पाणी तेवढंही शिकलेलं नाही, तरी तुमच्या घरात शिरलं ना!”

हे म्हणायचे, “मधे कुणीही लावतं. पाणी काठानं शिरतं.” म्हणून भिंत आणि जमीन मिळते तो कोपरा स्वतः अंगठ्यानं दाबायचे. ग्लोव्हज नकोत! हात फुटले, सालं निघाली. डॉक्टर म्हणाले, काम बंद.

मी कडाडले, “आता घास मी भरवू?”

“स्वल्प भरव की!”

भरवला. महिनाभर.

यंदा ह्यांच्या छातीत पाणी झालं. जन्मभर लोकांच्या घरातलं अडवलं, ते ह्यांच्यात भरलं. डॉक्टर एक्स-रे दाखवत होते. हे म्हणाले, “कोपरे बघा, डॉक्टर.”

डॉक्टर हसले नाहीत.

बनशंकरी भागातली एक गच्ची कबूल केलेली होती. हॉस्पिटलातून ह्यांनीच मला हाकललं, “जा. कोपरे तू कर.”

मी “मिसळलं!” म्हणून ओरडले आणि फोन वाजला. हॉस्पिटलचा. मंजा म्हणाला, “अक्का, घ्या हो.” नाही घेतला. चारी कोपरे अंगठ्यानं दाबले, मग ऑटोत बसले.

पोचले तेव्हा ह्यांच्या तोंडावर चादर ओढली होती.

मी नर्सवरच धावले, “एकदाच केलास? परत का नाही केलास फोन?”

ती म्हणाली, “करत होते, अक्का. त्यांनीच माझा हात धरला. म्हणाले, ‘मिसळलं असेल तिनं. राहू दे.’”