वेशीच्या दारातला खिळा

आमच्या गावची वेस पाडायला मीही हात वर केला होता. आता विचाराल तर गावात कुणी कबूल व्हायचा नाही. जो तो म्हणतो, पंचायतीनं पाडली. पंचायत म्हणजे कोण रे बाबांनो, आपणच की.

काळ्या दगडाची कमान, दोन्ही अंगांना बुरूज आणि सागवानी दारं. कमानीत पिंपळ रुजला होता, दगड सुटत होते. पण चार पोती चुना आणून डागडुजी करावी, असं एकाच्याही मनात आलं नाही. माझ्याही नाही. त्या दारांत मात्र खिळेच खिळे होते. घरटी एक माणूस पलटणीत. पोरगा भरती होऊन निघाला की दारात आपल्या हातानं एक खिळा ठोकायचा. रजेवर आला की आपणच उपसायचा, जाताना पुन्हा ठोकायचा. आणि मेल्याची तार आली, तर घरातला पुरुष जाऊन तो खिळा काढायचा. मगच त्या घरात रडारड सुरू व्हायची.

माझ्या थोरल्या भावाचा खिळा उजव्या दारात होता. एकाहत्तरच्या लढाईनंतर त्याच्याबद्दल कागद आला : बेपत्ता. आहे असं नाही, गेला असंही नाही. वहिनीनं त्या कागदाला हातही लावला नाही. रोज पाण्याला जाताना ती खिळ्यावर बोट टेकवायची आणि पुढं जायची. कपाळावर हे एवढं ठसठशीत कुंकू. बायका मागं काहीबाही बोलायच्या, तिनं कुणाला जुमानलं नाही.

मग काही वर्षांनी साखर कारखान्याचे ट्रक सुरू झाले. उसानं भरलेला ट्रक कमानीखालून जाईना. ओढ्याकडनं वळसा घालावा तर चिखलात रुतायचा आणि ऊस जागेवर वाळायचा. माझाही ऊस त्याच बाजूला होता. चावडीवर बैठक बसली, तेव्हा हात वर करताना मला खिळा आठवला नाही. आठवला नाही म्हणतो, ते खोटं. आठवला होता. म्हटलं, बघू पुढचं पुढं.

पहारी लागल्या आणि दोन दिवसांत कमान खाली आली. दारं गुऱ्हाळाच्या चुलाणात घालायचं ठरलं होतं. बाकीची पोरं रजेत आपापले खिळे उपसून गेली होती, भावाचाच तेवढा राहिला होता. ती गाडीत चढवताना बघितली, तेव्हा ध्यानात आलं. खिळा लाकडाबरोबर आगीत जाणार. पळत जाऊन सुताराकडनं पक्कड आणली आणि जोर लावून तो उपसला. गंजला होता, पण शाबूत होता. धोतराच्या सोग्यानं पुसत घरी निघालो, तो वेड्यासारखा खूश होऊन. एवढं तरी वाचवलं, म्हटलं.

वहिनी अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी खिळा तिच्या हातावर ठेवला.

"भावजी, कुनी काढला ह्यो?"

"मीच. जळून गेला असता, वैनी."

तिनं पदरातल्या शेंगा सुपात ओतल्या, उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा कपाळ कोरं होतं आणि हात मोकळे होते.

"वैनी, आवं ह्ये काय केलंसा?"

"घरच्या मानसानं खिळा काढला न्हवं? आता मी कुनाची वाट बघू?"

"तार कुठं आलीया? मी आपला जपून ठेवायला आनला."

"तार न्हाई कशी? तुमीच की घिऊन आलासा."

आवाजात राग असता तर मी सोसला असता. नव्हता. ती भिंतीला टेकली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा रडली. मी हात जोडले, पाया पडलो, कुंकवाचा करंडा तिच्यापुढं धरला. तिनं तो बाजूला सारला, तो कायमचा.

भावाची तार पुढंही कधी आली नाही. वहिनी तशीच म्हातारी झाली, माझ्या ताटात भाकरी वाढत राहिली. आजही एस्टीतून कुणी अनोळखी म्हातारा उतरला की माझी नजर आधी त्याच्या तोंडाकडे जाते. भाऊ यावा म्हणून जाते, आणि तो असेल या धसक्यानंही जाते. तो खरंच आला, तर वहिनीचं कपाळ मी त्याला कुठल्या तोंडानं दाखवू?