डाव्या चाकाचा हार

"मला उशीर होईल, तुम्ही जेवून घ्या." आमच्या संसारात सुलभाच्या तोंडून मी सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य हेच. मी बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर, घड्याळाच्या काट्यावर घरी येणारा. ही मात्र स्कूटरवरून गावभर. कुणाचं बाळंतपण, कुणाची भिशी, मंडळाचं हळदीकुंकू. मी झाकलेलं ताट उघडायचो आणि कुरकुरत एकटाच जेवायचो.

निवृत्तीनंतर देवनहळ्ळीजवळच्या लेआउटमध्ये, म्हणजे आखीव प्लॉटांच्या वसाहतीत, घर बांधलं, तोवर तिचे गुडघे गेले होते. स्कूटर सुटली. मैदानापलीकडे तिची मैत्रीण सुप्रीता राहते, पण तेवढं चालणंही जमेना. ती खिडकीशी बसून राहायची. मला वेळेवर गरम पोळ्या मिळू लागल्या आणि खरं सांगतो, त्या घशाखाली उतरत नव्हत्या.

मैदानाचं गवत कापायला लेआउटच्या संघाकडे एक बसून चालवायची मोवर आहे. छोट्या ट्रॅक्टरसारखी गाडी, पोटाखाली पाती. तिचा चालक विमानतळावर नोकरीला लागला आणि गाडी शेडमध्ये पडून राहिली. सभेत सुलभा म्हणाली, "मी चालवते." सगळे हसले. मीही हसलो, त्याबद्दल घरी यथेच्छ बोलणी खाल्ली.

दुसऱ्याच सोमवारी डोक्यावर माझी टोपी घालून ही गाडीवर चढली. खाली उतरली तेव्हा चेहरा असा उजळलेला, की मला आमच्या लग्नाचा फोटो आठवला. लेआउटमधली पोरं तिला 'मोवर अक्का' म्हणू लागली. संघाचा सेक्रेटरी विश्वेश्वर याची एकच अट होती: गाडी मैदानाच्या फाटकाबाहेर न्यायची नाही. सुप्रीताच्या बाजूला पोचली की ही नुसता हात हलवायची.

दसऱ्याला बेंगळुरूत यंत्रांची पूजा जोरात. सुलभानं गाडी धुतली, चाकांखाली लिंबं ठेवली, कोहळा फोडला. चढायच्या बाजूचं म्हणून मागच्या डाव्या चाकाला झेंडूचा छोटा हार बारीक तारेनं बांधला. पूजेचा हार ओढून काढायचा नाही, आपोआप गळेल तेव्हा गळेल, हा तिच्या माहेरचा नियम.

आणि त्यानंतर त्याच चाकातली हवा जाऊ लागली. एकदम नाही, हळूहळू. संध्याकाळी भरावी, तर सकाळी चाक बसलेलं. गाडी एका अंगाला कलायची आणि गवत तिरकं कापलं जायचं, एक पट्टा बोडका नि एक झिपरा.

विश्वेश्वर येऊन बघून गेला. "अक्का, कलती गाडी तुमच्या वयाला धोक्याची," तो कन्नडमध्ये म्हणाला. "एक नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सव आहे, मैदान तयार हवं. तोपर्यंत चाक नीट झालं नाही, तर काम एजन्सीला देऊ. सरी?"

"सरी, ठीक आहे," ही म्हणाली आणि आत जाऊन खिडकीशी बसली. तिला तसं बसलेलं मला बघवेना.

मी कामाला लागलो. हार हलक्या हातानं सोडवून तबकात ठेवला, चाक काढलं आणि गावातल्या हरीच्या पंक्चरच्या दुकानात नेलं. हरीनं ते पाण्यात बुडवून गोल फिरवलं. एक बुडबुडा नाही. त्यानं वॉल्वची पिन बदलली, रिमची कड घासून दिली. घरी आणून चाक बसवलं, सुलभानं हार पुन्हा जागच्या जागी बांधला. सकाळी चाक बसलेलं.

"गाडीचं वजन आलं की कडेतून गळत असणार," मी म्हणालो.

"तुम्ही इंजिनिअर. तुमच्याकडे काहीतरी कारण असणारच," ही फणकारली.

पुन्हा हार तबकात, चाक बाहेर. हवा भरून ते व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवलं. सकाळी बघतो तर टणक! वजनाचीच भानगड, म्हणून मी खूश झालो. सुलभा मात्र चाकापाशी स्टूल घेऊन बसली. अंगठ्यानं चाक दाबत ती कितीतरी वेळ तबकातल्या हाराकडे बघत राहिली.

"अहो, जरा साबणाचं पाणी आणा."

तिनं हार उचलला, नेहमीसारखी तार वॉल्वच्या मानेला गुंडाळली आणि पीळ दिला. रबराची मान एका बाजूला वाकली. तिच्या मुळाशी तिनं फेस लावला, तर तिथून बारीक बुडबुडे येऊ लागले. तार सोडली, मान सरळ झाली, बुडबुडे थांबले. प्रत्येक वेळी आम्ही भक्तिभावानं हार काढून तपासणी केली होती आणि भक्तिभावानंच तो परत बांधला होता!

मला हसू फुटलं. तिच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं. "जिची पूजा केली, तिचाच गळा आवळला मी."

"कुणाला सांगायची काय गरज आहे? वॉल्व बदलून टाकू," मी म्हणालो.

"मी सांगणार," ती म्हणाली आणि तिनं फोन उचलला.

विश्वेश्वरनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अक्का, थांबा. माझ्या कारच्या चाकाला पण हार आहे," आणि फोन ठेवून दिला.

हरीनं टायरची एक बाजू सोडवून वॉल्व बदलला. सकाळी चाक टणक, दुसऱ्या सकाळीही टणक. हार सुलभानं, झेंडूची रोपं येतील म्हणून, फाटकापाशी मातीत कुस्करला आणि राज्योत्सवाच्या आदल्या दिवशी अख्खं मैदान कापून काढलं. पट्टे सरळ आले. विश्वेश्वर झेंड्याचा खांब उभा करून घेत होता. त्यानं चाक पायानं दाबून पाहिलं, मैदानाकडे एक नजर टाकली आणि स्वतःच फाटक उघडलं.

"अक्का, रस्त्यावर स्वल्प फिरवून बघा. हवा टिकते का कळेल."

मी घरी येऊन पानं मांडली. आमटी गरम केली, पुन्हा गरम केली. तेवढ्यात फोन वाजला. मागे सुप्रीताचं हसू ऐकू येत होतं.

"अहो, मला उशीर होईल. तुम्ही जेवून घ्या."

मी एकटाच जेवलो. कुरकुरलो नाही. आमटी दोनदा वाढून घेतली.