मास्तरांचा नाय

आमचे मास्तर फारशी शिकवायचे. हे एवढंसं वाक्य, पण टोकावड्यात ते कोणालाच धड कळलं नाय, आणि मला तर सगळ्यात उशिरा कळलं. माळशेजच्या रस्त्याला माझं पंक्चरचं दुकान. मास्तरांची म्हातारी स्कूटर पहिल्यांदा माझ्याकडं आली, तेव्हा ट्यूब पाण्यात बुडवता बुडवता मी विचारलं, "मास्तर, तुमी मुंबईच्या कॉलेजात काय शिकवायचे?"

"फारशी."

"फारशी नाय, तर थोडी तरी काय शिकवायचे ना?"

मास्तर दगडावर बसले होते, ते हसता हसता दगडावरनं घसरले. डोळे पुसत बोलले, "अरे, शेवटी शेवटी फारशी मुलंच येईनात, म्हणून तर वर्ग बंद झाला."

मी पण हसलो. मला वाटलं मीच जोक केलाय.

मास्तर मूळचे इथलेच, भातवाल्या घरातले. तरणेपणी मामाकडं हैदराबादला गेले आणि तिथं एका म्हाताऱ्या उस्तादाच्या पायाशी बसून जुन्या इराणी कविता शिकले. पुढं मुंबईत नोकरी, लग्न, एक पोरगी. नोकरी संपली, बायको वारली, पोरगी लग्न करून पुण्याला गेली, तसे मास्तर गावच्या घरी परत आले. आल्या आल्या त्यांनी मुरबाडच्या वाचनालयाबाहेर पाटी लावली, फारशी मोफत शिकवणार म्हणून. पेंटर आमच्याच आळीतला, माझ्याइतकाच शिकलेला. त्यानं काना खाल्ला. लोकांनी वाचलं, 'फरशी मोफत'. पुढचं कोण वाचतो? सकाळी मास्तरांच्या ओटीवर ही गर्दी. कोणाला देवघराला पाहिजे, कोणाला ओट्याला. आणि सगळ्यात पुढं कोण? मी. मोरीचं माप दोरीवर गाठी मारून घेऊन गेलेलो.

तेव्हापासनं ते फरशी मास्तर झाले ते झालेच.

त्या दिवशी सगळे शिव्या घालत गेले, मी एकटा उरलो, कारण माझी दोरी मास्तरांच्या हातात होती. मास्तर आधी खूप हसले. मग हसायचे थांबले आणि दोरीच्या गाठी चाचपत बसले. बोलले, "माझ्याकडे चार ओळी आहेत रे. कुठल्या पुस्तकात नाहीत. कोणी रचल्या ठाऊक नाही. माझ्या उस्तादाला त्याच्या उस्तादानं दिल्या, त्यानं मला. कागदावर उतरवायच्या नाहीत असा रिवाज. छातीतून छातीत द्यायच्या. मी कोणाला देऊ?"

"पोरीला द्या की."

"तिनं लहानपणी प्रयत्न केला. तिला रडू यायचं."

"तुमचे विद्यार्थी?"

"एक दुबईला आहे. फोन केला होता. म्हणाला, सर, पीडीएफ पाठवा."

मी माझा मोबाईल काढला. बोललो, "मास्तर, यात बोला. मी रेकॉर्ड करतो, काम खतम."

मास्तरांनी मोबाईल उलटापालटा करून बघितला आणि बोलले, "याला छाती कुठे आहे?"

मास्तर दारूच्या थेंबाला शिवले नायत, पण बोलणं सगळं दारूचं. प्याला, सुरई, मैखाना, आणि ओतणारी ती साकी. माझ्या दुकानाशेजारी ढाबा आहे. तिथले दोन पिणारे एकदा येऊन मास्तरांसमोर मांडी घालून बसले, ऐकत ऐकत पार ऊन उतरलं. मास्तरांना काय आनंद! शेवटी त्यातला एक बोलला, "ते सगळं बरोबर हाय मास्तर, पण मिळते कुठं ते नाय सांगितलं तुमी." मास्तर बोलले, "ती प्यायची नसते रे. ती नुसती चढते." ते दोघं आजपण तो ब्रँड शोधतायत.

माझी अक्कल त्याहून पुढं. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, मास्तरांना कोण तरी साकी म्हणून बाई भेटलीय, दिवसभर तिचंच नाव. बायको पदर खोचून मास्तरांच्या दारात. "अवो मास्तर, या वयात शोभतं का? आणि आमच्या ह्याला पण तिच्याकडं नेता व्हय?" मास्तरांनी तिला पाट दिला, चहा दिला, आणि समजावलं की बाई, ती ओतणारी म्हणजे देव. प्याला म्हणजे आपण. बायको घरी येऊन मला बोलली, "बघ, देवपण वतून वतून थकला, आणि तू अजून रिकामाच."

ते इराणी कवी दरबारात उभे राहायचे, असं मास्तर सांगायचे. तोंडानं बादशहाची तारीफ, नजर मात्र त्याच्याही वरच्याकडं. एकच ओळ दोघांना लागू पडायची. "आणि शहाण्या बादशहाला कळायचं, हा माझ्याबद्दल बोलत नाहीये. तरी शाल द्यायचा." मला हे फार आवडलं. सरपंचांच्या वाढदिवसाला मला माईक मिळाला तेव्हा मी तसंच केलं. तारीफ सरपंचांची, डोळे वर आभाळाकडं. सरपंच पण वर बघायला लागले, मंग सगळी सभा वर बघायला लागली. शेवटी मंडपवाला शिडी घेऊन आला, बोलला, "कुठं फाटलंय?" शाल राहिली बाजूला, माझा माईक काढून घेतला.

मास्तर मला नावानं हाक मारत नसत. "काय हवादार!" असं बोलायचे. मी म्हटलं बरोबर आहे, हवा भरणारा तो हवादार. दुकानाला तीन बाजूंनी भिंत नाय, त्या हिशोबानं पण हवादार.

आणि मास्तरांना माझा 'नाय' भारी आवडायचा. आमची बोलीच तशी, नाही कोण बोलतंय? गिऱ्हाईक आलं की ते दगडावर बसून मोजायचे. "सुट्टे नाय. पाना नाय. आज जमणार नाय." ते गेलं की बोलायचे, "हवादार, इराणात नाय म्हणजे बासरी. बांबूची, पोकळ. तू दिवसभर बासरी बासरी करतोस, आणि गिऱ्हाईक उगाच रागावून जातं."

मी बोललो, "मंग आमी नाही कसं म्हणायचं तिकडं?"

"तिथंच तर मजा आहे. जुन्या फारशीत नाहीलासुद्धा नायच म्हणायचे. बासरी पण नाय, नाही पण नाय. कवी लोक त्यातच लपून बसायचे."

शेवटी त्या चार ओळी माझ्या वाट्याला आल्या. मी हुशार म्हणून नाय. दुसरं कोण आलंच नाय म्हणून. मास्तर बोलले, "अर्थ कोणालाही सांग, रस्त्यावर ओरडून सांग. ओळी मात्र छातीत." म्हणून इथं अर्थच सांगतो. एक माणूस बोलतोय. पहिली ओळ, बादशहाच्या दारात माझा जन्म गेला. दुसरी, हातात नुसता वारा. तिसरी, आतनं आवाज आला, काय आणलंस? चौथी, मी बोललो... आणि तिथं एकच शब्द.

तो शब्द मास्तरांनी मागं ठेवला. "आधी तीन ओळी तोंडात बसू दे. मग तो देईन. तो चुकीच्या तोंडात गेला तर सगळंच गेलं."

आता माझं तोंड! दाराला तिकडं 'दर' म्हणतात. मला दर एकच माहीत, बाजाराचा. मी जोरात ओळ म्हणायचो आणि चेहरा भाव विचारल्यासारखा. मास्तर कपाळाला हात लावायचे, "अरे, बादशहाच्या दारात उभा आहेस, कांद्याच्या नाही!" वाऱ्याला म्हणतात 'बाद'. माझ्याकडं बाद म्हणजे टायर बाद, ट्यूब बाद. मी ती ओळ म्हणताना हात असा झटकायचो, की बाद झालं, टाका. मास्तर बोलायचे, "फेकू नकोस. तेवढंच आहे त्याच्याकडे."

दोन पावसाळे गेले. मास्तर रोज दुपारी यायचे. ऐकायचे, मान हलवायचे, परत म्हणायला लावायचे. मध्येच त्यांना खोकला यायचा, तेव्हा ते छातीवर हात ठेवायचे, जसं काय आत काचेचं काय तरी आहे. एकदा मी कंटाळून बोललो, "मास्तर, माझ्या जिभेला नाय जमत. दुसरा बघा." त्यांनी माझा काळा, ग्रीसचा हात धरला. बोलले, "दुसरा नाहीये रे. तूच आहेस. मी मेलो आणि हे राहिलं, तर माझ्या उस्तादाला मी काय सांगू?" असा गयावया करणारा मास्तर मी कधी बघितला नव्हता. मी परत म्हणायला लागलो. मंग एका दुपारी तिन्ही ओळी बिनचूक आल्या. मी माझ्या कानानं ऐकलं आणि मलाच काटा आला. मास्तर उठले, स्कूटरला किक मारली आणि बोलले, "उद्या अंघोळ करून ये. शब्द देतो."

मी अंघोळ केली. बायकोनं विचारलं, आज काय सण हाय? मास्तरांच्या घरी गेलो तर ओटीवर शेजारीपाजारी जमलेले. पहाटे मास्तरांच्या अंगावरनं वारं गेलं होतं.

उजवी बाजू गेली. तोंड वाकडं झालं. पोरगी पुण्यावरनं आली, दवाखाना झाला, औषधं झाली, मास्तरांना घरी आणलं. शुद्ध होती, डोळे सगळं ओळखत होते. पण बोलणं गेलं. सगळी फारशी, सगळी मराठी, पुसून गेली. डॉक्टर बोलले, कधी कधी एखादा शब्द उरतो. मास्तरांचा एक उरला.

"बाबा, पेज देऊ?"

"नाय."

द्यायची ती, आणि ते खायचे.

"बाबा, थंडी वाजतेय?"

"नाय."

"पुण्याला जाऊया ना बाबा? इथं तुमचं कोण करणार?"

"नाय. नाय. नाय."

पोरगी पदरात तोंड घालून रडायची. मला बोलली, "दादा, त्यांना काहीच नको झालंय. सगळ्याला नाही म्हणतात." मी तिला कसं सांगू, की ताई, ते बासरी म्हणत असतील? तिनं मला पण डॉक्टरकडं नेलं असतं.

जायच्या दिवशी गाडी दारात उभी होती. पोरगी आत बॅगा भरत होती. मी मास्तरांच्या खाटेजवळ खाली बसलो आणि त्यांच्या कानाशी म्हणायला लागलो. पहिली ओळ. दुसरी, हात न झटकता. तिसरी. मास्तर माझ्या तोंडाकडं बघत होते, असं बघत होते की बुडणारा माणूस पण तसा काठाकडं बघत नसेल. चौथी सुरू केली. आतनं विचारतायत, काय आणलंस? मी बोललो...

आणि थांबलो. माझ्याकडं पुढं काय नव्हतंच.

मास्तरांचा चांगला हात उठला, माझ्या छातीवर आला. ओठ हलले.

"नाय."

मी बोललो, "मास्तर, हाच शब्द? का माझं चुकलं?"

"नाय."

"हाच ना? बासरी?"

"नाय."

"का काय आणलं नाय, म्हणून नाय?"

"नाय." डाव्या डोळ्यातनं पाणी. छातीवरचा हात दाबत होते, की ढकलत होते, तेपण मला कळेना. मी आयुष्यात पहिल्यांदा जोक केला नाय. तेवढ्यात पोरगी आली, ड्रायव्हर आला, मास्तरांना उचललं. गाडी किन्हवलीच्या फाट्याकडं वळली तोवर मी मागं पळत होतो, आणि लोक बोलत होते, फरशी मास्तरांकडं याचं काय तरी राहिलं वाटतं.

मास्तर पुण्यातच गेले. वर्षानं पोरगी घर बंद करायला आली, तेव्हा दुकानावर आली. बोलली, "बाबा तुम्हाला हवादार म्हणायचे ना?"

"व्हय ताई. हवा भरतो ना मी."

"नाही हो. फारशीत हवादार म्हणजे जीव लावणारा. मला लहानपणी म्हणायचे. मग कोणालाच म्हणाले नाहीत."

मी टायरमागं जाऊन बसलो. डोळ्यात ग्रीस गेलं असं सांगितलं तिला. मंग बोललो, "ताई, त्या चार ओळी तुमी घ्या. माझ्याकडं साडेतीन हायत." तिनं मान हलवली. बोलली, "मला अजून रडू येतं, दादा." आणि गेली.

मला धड लिवता येत नाय. हे मोबाईलला सांगतोय, तो लिवतो. पण तो शिकलेला. माझा नाय त्याला चालत नाय, प्रत्येकाचा 'नाही' करतो. ह्या गोष्टीतला माझा एकेक नाय मी बोटानं परत टाकलाय. काल दुपारी दुकानात कोण नव्हतं. तीन ओळी मनात म्हटल्या आणि शेवटचा शब्द तेवढा मोबाईलला मोठ्यानं सांगितला, बघू तरी हा काय ऐकतो. त्यानं लिवलं, 'नाही'. पुसला. परत बोललो. 'नाही'. मास्तरांसारखं तोंड वाकडं करून बोललो. 'नाही'.

तेवढ्यात ट्रक थांबला. ड्रायव्हरनं खिडकीतनं विचारलं, "हवा आहे का रे?"

तोच शब्द तोंडात होता, तोच निघाला. "नाय."

तो शिवी घालून घाटाकडं गेला. मी बोललो ते बरोबर होतं का, ते सांगणारं आता कोण नाय.