बाबांचा डावा हात

बाबांचा आवाज बसला तेव्हा आधी आम्ही हसलो. ते मालवणच्या किनाऱ्यावर लाकडी होड्या बांधायचे आणि त्यांची हाक पार जेटीपर्यंत जायची. "आता घरात माझोच आवाज," आई म्हणायची. दोन महिने गुळण्या, ज्येष्ठमध, आल्याचा रस सगळं झालं. मग जवळच्या कट्टा गावच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला लावला आणि आमचं हसणं थांबलं. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी छातीत एका जागी फुग्यासारखी फुगली होती आणि आवाजाच्या नसेला दाबत होती. ती फुटली असती तर बाबा हाती लागले नसते.

२००८ साल असेल. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, छाती उघडायची गरज नाही. जांघेत छोटा छेद घेऊन घडी केलेली कापडी नळी शिरेतून वर न्यायची आणि फुगलेल्या जागी उघडायची. नळीला तारेची जाळी असते, ती शिरेला आतून घट्ट धरून बसते. बाबांनी खुर्ची पुढे ओढली.

"होडयेक पाणी भायरसून दाबता, म्हणान आमी फटी भायरसून बुजवतो. रगत भितरसून दाबता, म्हणान तुमी भितरसून. बरोबर?"

डॉक्टर खूश झाले. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पण घोडं एका ठिकाणी पेंड खात होतं. डाव्या हाताला रक्त नेणारी शीर त्या फुग्याच्या अगदी काठावरून निघत होती आणि नळीने तिचं तोंड झाकलं जाणार होतं. बहुतेकांचा हात आजूबाजूच्या शिरांवर निभावतो, पण कष्टाच्या कामात तो लवकर दमू शकतो. कामाचा हात तोच असेल, तर आधी मानेजवळ छेद घेऊन रक्ताला वेगळी वाट करून द्यायची. म्हणजे दोन ऑपरेशनं.

"काका, तुम्ही उजवे की डावखुरे?"

"उजवो," बाबा म्हणाले.

चक्क खोटं! शाळेत डाव्या हातावर छड्या खाल्ल्यापासून बाबा उजव्याने लिहायचे, आणि टेबलामागच्या कोणीही विचारलं की उजवेच असायचे. तासणी, करवत, हातोडी मात्र डाव्या हातात. मला हे ठाऊक होतं. मी शिक्षिका, दिवसभर पोरांना खरं बोला म्हणून दटावणारी, आणि तिथे मूग गिळून बसले. मला दुसरी सुरी नको होती. बाबा जगू देत, हात गेला तर गेला, असं वाटलं. त्याची आजही लाज वाटते.

बोलली ती आई. ग्रामपंचायतीतसुद्धा दाराबाहेर उभी राहणारी बाई.

"डॉक्टरसायबानू, ह्ये खोटा सांगतत. ह्यांचो हात डावो."

"गप रव गो."

"मी गप रवाचंय नाय. होडी बांधूक मिळाली नाय तर ह्ये जगतले कित्याक?"

बाबा मान खाली घालून बसले होते. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी खोडलं आणि नवीन लिहिलं.

आधी मानेचं झालं, चार दिवसांनी नळीचं. दुसऱ्या दिवशी दुपारी भेटायच्या वेळेला आम्ही आत गेलो. बाबांच्या उजव्या हाताला सुया आणि पट्ट्या होत्या. समोर चहा आणि दोन बिस्किटं.

"जेवलंस?" आवाज अजून घोगराच होता.

सकाळपासून आईच्या पोटात पाण्याचा घोटही नव्हता. बाबांनी डाव्या हाताने एक बिस्किट उचललं आणि तिच्यापुढे धरलं. त्या हाताने त्यांनी उभ्या जन्मात कोणाला काही दिलं नव्हतं. लक्षात आल्यावर ओशाळून हात मागे घ्यायला लागले, तर आईने तो दोन्ही हातांनी धरला. बिस्किटाचा चुरा चादरीवर सांडला. ती एकेक बोट दाबून बघत होती. बोटं गरम होती. मला रडू आवरेना.

"चला, वेळ संपली," सिस्टर म्हणाली.

"जरा रव गो बाय," आई म्हणाली, पण हात काही सोडला नाही. "ह्यो हात माका आताच गावलो हा."