तांदळाच्या डब्यातल्या पट्ट्या

मी अंगणवाडीत शिकवते. कुसगावात, बावीस वर्षं झाली. खडू कुणी खाल्ला हे मी पोरांच्या तोंडाकडे बघून सांगते. "खरं सांग, मी रागवणार नाही," म्हटलं की चार वर्षांचं पोर पटकन कबूल करतं, आणि मी खरंच रागवत नाही. हे मी चारचौघींत मोठ्या तोऱ्यानं सांगत असे. त्या रविवारी मात्र माझ्याच तोंडाकडे कुणी बघू नये म्हणून मी सारखी स्वयंपाकघरात पळत होते.

आम्हाला एकच लेक. चित्रं काढते. गेममध्ये जंगलं, डोंगर, पडके किल्ले दिसतात ना, ते कुणीतरी बसून काढलेले असतात म्हणे, आणि तिला तेच करायचं होतं. पुण्याच्या एका कंपनीनं तिची परीक्षा ठेवली. रविवारी चार ते सहा, घरी बसूनच, तिचा स्क्रीन त्यांना तिकडे दिसत राहणार. याआधी अशीच एक परीक्षा तिच्या जुन्या लॅपटॉपनं ऐनवेळी मान टाकून घालवली होती. म्हणून हॉटेलांच्या भिंती रंगवून साठवलेल्या पैशांतून तिनं गेम खेळणाऱ्यांकडे असतो तसला दांडगा कॉम्प्युटर सुट्या भागांत मागवला. "दुकानातून जोडून घे की," मी म्हटलं. "मला जमतं," ती म्हणाली. माझी लेक असं सहसा म्हणत नाही, म्हणून मी गप्प बसले.

शुक्रवारी खोकी आली. जुलै चालू होता. लोणावळ्याच्या अंगाला जुलैत धुकं खिडकीतून घरात येतं, पापड सादळतात, कपाटातल्या चपलांना बुरशी धरते. मी तिच्या खोलीत केर काढायला गेले तर टेबल ओलसर, आणि त्यावर एक फोडलेलं पाकीट. आत हाताच्या पंजाएवढ्या दोन पट्ट्या, एका कडेला बारीक सोनेरी दात. इतकी नाजूक वस्तू कुणी अशी ओलीत टाकतं का? भिजलेला मोबाइल आपण तांदळात घालतोच ना, तशा मी त्या पट्ट्या तांदळाच्या डब्यात खुपसल्या. शनिवारी संध्याकाळी काढल्या, पदरानं पुसल्या आणि जशाच्या तशा पाकिटात ठेवल्या.

तिला सांगितलं नाही. सांगणार कसं? वर्षापूर्वी घर आवरताना मी तिच्या चित्रांच्या सात वह्या रद्दीत दिल्या होत्या. जुन्या दिसल्या, दिल्या. त्यानंतर दोन महिने ती माझ्याशी हो-नाहीपलीकडे बोलली नाही. कामावरून आली की खोलीचं दार लावायची आणि आतून कडी घालायची. त्या कडीचा आवाज मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचा. शेवटी मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, तुझ्या वस्तूला परत हात लावणार नाही. आणि लावला. खोड जाते का माझी!

रविवारी सकाळी दहाला तिनं सगळं जोडून बटण दाबलं. पंखे फिरले, पेटीत निळे-जांभळे दिवे लागले, मी टाळ्या वाजवल्या. स्क्रीन काळाच राहिला. त्यावर इवलीशी चौकट आली, नो सिग्नल, आणि तीही विझली.

"होईल गं," मी म्हटलं.

तिनं आधी स्क्रीनची वायर बघितली. ती चुकीच्या भोकात खोचली तर असं होतं म्हणे, पण वायर बरोबर होती. दुसरी वायर लावली. चित्र दाखवणारं मोठं कार्ड काढून परत बसवलं. सगळे भाग ज्यावर बसतात त्या बोर्डावरचा बटणासारखा सेल काढला, थांबली, परत घातला. दर वेळी बटण दाबायची आणि दर वेळी काळं. साडेअकराला ती वाकून बोर्डाच्या कोपऱ्यात बघायला लागली. तिथं एक पिवळा दिवा ठिपक्याएवढा जळत होता.

"मेमरीचा दिवा आहे हा. मेमरीपाशी काहीतरी अडलंय."

"मेमरी म्हणजे कुठली गं?" मी विचारलं.

तिनं बोट दाखवलं. त्याच दोन पट्ट्या होत्या.

मला तेव्हा आठवलं की आमच्या तांदळाला बोरिक पावडर असते. किडे होऊ नयेत म्हणून दर मे महिन्यात मीच ती दोन्ही हातांनी चोळून लावते. अगं बाई, म्हणजे मीच!

तेव्हाच सांगायचं. दोन वाक्यांचं काम होतं. पण मला कडीचा आवाज ऐकू यायला लागला आणि मी म्हटलं, "चहा टाकते."

तिनं पट्ट्या काढून परत बसवल्या. मग एकच बसवली, मग दुसरी. बसवताना कट् असा आवाज झाला तशी ती दचकली. "सकाळी मी फार जोर लावला, आई. बोर्डच तडकला असणार." मी चहा दिला. बारा वाजले, एक वाजला. ती मोबाइलवर काय काय वाचत होती आणि स्वतःला शिव्या घालत होती. गाढव आहे मी. हात आहेत का काय माझे. मी पोळ्या लाटत होते, एकही धड गोल होईना. डबा समोर फळीवर होता. मी त्याच्याकडे बघत नव्हते.

अडीचला तिनं पेचकस खाली ठेवला. रडली नाही. मोबाइल हातात घेऊन म्हणाली, "त्यांना कळवते, येत नाही म्हणून. मला नाही जमत हे. उगाच मोठेपणा केला."

तिनं टाइप करायला सुरुवात केली. मला इतकी भीती वाटली की सकाळपासूनची भीती त्यापुढे काहीच नव्हती. घाबरले की माझ्या तोंडून माहेरची बोली येते, तशी आली. "थांब गं, थांब! तू न्हाई मोडलंस. त्या पट्ट्या मी तांदळात ठेवलत्या. पावडरच्या तांदळात."

ती उठली, पट्ट्या काढल्या, मोबाइलची बॅटरी त्यांच्यावर धरली. सोनेरी दातांवर पांढरट साय धरली होती.

"खोडरबर आण."

मी अंगणवाडीच्या पिशवीतून आणलं. तिनं एकेक दात हलक्या हातानं घासला, कोरड्या ब्रशनं खाचा झाडल्या, पट्ट्या बसवल्या. बटण दाबलं. पिवळा दिवा लागला. काही होईना. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा दिवा विझला होता आणि स्क्रीनवर अक्षरं होती. मी हुंदका दिला. तिनं वळूनही पाहिलं नाही.

"कधी कळलं तुला?"

"साडेअकराला."

"तांदळाचं काही नाही," ती म्हणाली. "तीन तास मी स्वतःला गाढव म्हणत होते, आणि तू मला चहा देत होतीस."

"आता खरं सांगितलं ना गं..."

"म्हणून मी रागवणार नाही, असं नाही होत, आई. मी तुझ्या अंगणवाडीतली नाही."

चारला पाच कमी असताना तिनं दार लावलं. आतून कडी पडली.

मी दाराला पाठ लावून खाली बसले. पावसात आमच्याकडे लाईटचा भरवसा नसतो. पेटत्या दिव्याकडे बघत मी दोन तास काढले. आतून माउसची टिकटिक येत होती. ती थांबली की मी दाराला कान लावायचे.

सहा वाजून गेल्यावर कडी निघाली. मी धडपडत उठले. तिचे डोळे लाल झाले होते. कसं झालं ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

"भूक लागलीय," ती म्हणाली. "भात टाक." आणि स्वयंपाकघराकडे जाता जाता म्हणाली, "नीट धुऊन टाक."

मी चार पाण्यांनी तांदूळ धुतले.